शिवणाऱ्या हातांचे निर्वाह वेतन: खानदेशातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटतो, सूतगिरणीत त्याचे सूत होते, आणि पुढे तिरुपूर, बंगळुरू किंवा ढाक्याच्या शिलाई कारखान्यातून तोच माल सदरा किंवा टी-शर्ट होऊन युरोप-अमेरिकेच्या दुकानांत पोहोचतो. या वाटेवर आपली माणसेही आहेत. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आहेत, आणि प्रशिक्षण योजनांतून शिवणकाम शिकून दूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलींचे पालक आता आमच्याकडे पगाराची चौकशी करू लागले आहेत. त्यांचे आणि इतर वाचकांचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

निर्वाह वेतन म्हणजे नेमके काय?

कामगाराने कामाच्या नेहमीच्या तासांत, म्हणजे ओव्हरटाइम न करता, केलेल्या कामाचे असे वेतन की ज्यात त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे अन्न, निवारा, कपडे, औषधपाणी, मुलांचे शिक्षण, प्रवास आणि अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक एवढे सन्मानाने भागते, त्याला निर्वाह वेतन म्हणतात. ही कल्पना आजची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या घटनेतच पुरेशा निर्वाह वेतनाचा उल्लेख आहे, आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र निर्वाह वेतनाची सर्वमान्य व्याख्या स्वीकारायला २०२४ साल उजाडले. शंभरहून अधिक वर्षे हा शब्द सर्वांनी वापरला आणि त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला, हे या विषयाकडे पाहताना लक्षात ठेवावे.

कायद्याने किमान वेतन ठरलेले आहे. मग वेगळे निर्वाह वेतन कशासाठी?

कापूस पिकवणाऱ्या घरात हा फरक समजावून सांगणे सोपे जाते, कारण हमीभावाचा वाद तिथे रोजचाच आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो उत्पादन खर्चाच्या दीडपट आहे असे सरकार म्हणते, आणि तो दीडपट नाही असे शेतकरी संघटना म्हणतात. दोघांचीही बेरीज आपापल्या जागी बरोबर असते, कारण सरकार प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरते, तर स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा आधार घेणारे लोक जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याजही धरतात. भांडण गुणाकाराचे नाही. खर्चात काय धरायचे आणि काय सोडायचे, याचे ते भांडण आहे.

किमान वेतन आणि निर्वाह वेतन यांतले अंतर याच जातीचे आहे. १९४८ च्या न्याय्य वेतन समितीने तीन पायऱ्या मांडल्या होत्या: सर्वांत खाली किमान वेतन, त्यावर न्याय्य वेतन आणि सर्वांत वर निर्वाह वेतन. किमान वेतन ठरवताना सरकार कामगाराच्या गरजेबरोबर उद्योगाचे म्हणणे, शेजारच्या राज्यातले दर आणि गुंतवणूक निघून जाण्याची भीती हेही तोलते. त्यातून जो आकडा निघतो तो तडजोडीचा असतो. निर्वाह वेतनाचा हिशेब घरखर्चापासून सुरू होतो आणि घरखर्चापाशीच संपतो.

हे अंतर किती पडते याचे एक उदाहरण केंद्र सरकारच्याच कागदांत आहे. देशभराच्या किमान वेतनाचा तळ ठरवण्यासाठी नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ साली दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली, आणि त्याच वर्षी जाहीर झालेला राष्ट्रीय तळ-दर १७८ रुपये होता. समिती सरकारने नेमलेली, आहाराचे निकष सरकारी, आकडेवारीही सरकारी, आणि तरी निर्णय शिफारशीच्या निम्म्याहूनही खाली आला.

घरखर्चाचा हा हिशेब कोण मांडतो आणि त्यात कोणाला धरतो?

भारतातला पायाभूत हिशेब १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिला. एका कमावत्या माणसामागे तीन ‘उपभोग एकके’ धरावीत असे तिथे ठरले: कामगार स्वतः १, जोडीदार ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी अन्न, चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम धरण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत असे सांगितले.

७२ वार म्हणजे माणशी १८ वार. जुन्या मापाने बोलायचे तर वर्षाला दोन नऊवारी लुगडी. ज्या बाईच्या मशीनखालून दिवसाला याच्या कितीतरी पट कापड सरकते तिच्या स्वतःच्या वाट्याला कायद्याच्या हिशेबात एवढे आले आहे, आणि तेवढे तरी प्रत्यक्षात मिळते का, हा प्रश्न निराळाच.

या हिशेबात कोण नाही तेही पाहावे. म्हातारे आई-वडील नाहीत. गावाकडे राहिलेले मूल आणि शहरातली खोली अशी दोन चुली चालवणारी कुटुंबे नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकीचे किंवा श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवातील रोटांचे पैसे १९५७ च्या यादीत शोधून सापडत नाहीत. न्यायालयाने सणवारांचा उल्लेख केल्यानंतर त्यांना कुठे कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. खानदेशातले घर आखाजी आणि कानबाई टाळून काटकसर करणार नाही, कर्ज काढेल. वेतनाच्या हिशेबातून वगळलेला खर्च घरातून नाहीसा होत नसतो, तो सावकाराच्या किंवा बचत गटाच्या वहीत जातो.

मग जगभर एकच आकडा का ठरवत नाहीत?

दादर (खानदेशी ज्वारी), तूरडाळ आणि तेलाचा भाव शिरपुरात एक आणि बंगळुरूत दुसरा असतो. घरभाड्याचे तर बोलायलाच नको. म्हणून रिचर्ड आणि मार्था अँकर या संशोधकांनी विकसित केलेली पद्धत त्या-त्या ठिकाणच्या बाजारात जाऊन किमती गोळा करते आणि त्या भागापुरता आकडा काढते. आशिया फ्लोअर वेज अलायन्स या कामगार संघटनांच्या आघाडीने २००९ पासून दुसरी वाट धरली. तिने तीन उपभोग एकके, दर एककाला ३,००० कॅलरी आणि आठवड्याचे जास्तीत जास्त ४८ तास हे निकष सर्व आशियाई देशांना समान लावले आणि प्रत्येक देशाच्या चलनाची खरेदीशक्ती पाहून आकडा काढला. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत, आणि कंपन्या हेच कारण पुढे करून ‘आधी आकड्यावर एकमत होऊ द्या’ असे म्हणत राहतात. आमच्या मते ही पळवाट आहे, कारण यातला सर्वांत लहान आकडा घेतला तरी शिलाई कामगारांचे प्रचलित वेतन बहुतेक देशांत त्याच्याही खालीच राहते.

ओव्हरटाइम धरून हाती बरे पैसे येतात. मग तक्रार कशाची?

निर्वाह वेतनाच्या व्याख्येतच ‘नेहमीच्या तासांत’ हे शब्द आहेत आणि ते मुद्दाम घातलेले आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर मिळाला पाहिजे, म्हणजे जादा काम मालकाला महाग पडावे आणि त्याने ते क्वचितच सांगावे, असा त्यामागचा विचार. मूळ पगार इतका कमी ठेवला की कामगार स्वतःच जादा काम मागू लागतो, तेव्हा हा विचार उलटा होतो. कारखान्यात सांगतात की मुली आपणहून थांबतात. त्या थांबतात हे खरे आहे, आणि का थांबतात हे पगार पावतीवर लिहिलेले असते.

जिथे ‘टार्गेट’ पुरे झाल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, तिथे तर त्या वेळेला ओव्हरटाइम असे नावही मिळत नाही. हजेरी पुस्तकात सुटीची वेळ सहाची पडते आणि बस साडेसातला निघते.

पीस रेटवर काम असेल तर?

नगावर मजुरी देणे बेकायदा नाही, पण पुरा दिवस काम करणाऱ्याची नगावरची मजुरी त्या दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी भरता कामा नये. अडचण अशी की नगाचा दर ठरवताना सर्वांत चपळ कारागिराचा वेग धरला जातो. धागा तुटणे, बॉबिन बदलणे, वीज जाणे, कटिंगहून माल उशिरा येणे हा सगळा वेळ शिवणाऱ्याच्या खाती पडतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून शिलाई उद्योगातली नगावरची मजुरी जवळजवळ बंदच केली आणि तासाचा दर सक्तीचा केला, त्याचे कारण हेच होते. लॉस एंजेलिसच्या कारखान्यांतही नगाच्या हिशेबाने लोकांना किमान वेतनाच्या कितीतरी खाली ठेवले जात होते.

कमी पगाराला जबाबदार कोण: कारखानदार की मोठे ब्रँड?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचे उत्तर मिळणारा प्रश्न हाच आहे. कामगाराला समोर सुपरवायझर दिसतो, त्याच्यामागे कारखान्याचा मालक दिसतो, आणि राग तिथेच संपतो. वस्तुस्थिती अशी की मोठ्या ब्रँडचे स्वतःचे कारखाने बहुधा नसतातच. ब्रँड डिझाइन देतो, नमुना पास करतो आणि तीन-चार देशांतल्या कारखान्यांकडून दर मागवतो. एखादा सदरा शिवायला किती मिनिटे लागावीत याचा बारीक हिशेब दोन्ही बाजूंकडे असतो: कॉलर किती, बाही किती, काज-बटण किती. पण वाटाघाटीत एका मिनिटाची किंमत काय धरायची हे बहुधा उघड लिहिले जात नाही. खरेदीदार एक एकूण आकडा पुढे ठेवतो आणि ‘शेजारचा देश एवढ्यात देतो’ असे सांगतो. कापडाचा भाव कमी होत नाही, विजेचे बिल कमी होत नाही, जहाजाचे भाडे तर नाहीच. कमी होण्यासारखी एकच रक्कम कारखानदाराच्या हातात उरते आणि ती म्हणजे मिनिटाची मजुरी.

त्यावर आणखी भार असतो तो अटींचा. ऑर्डर उशिरा पक्की करायची, रंग शेवटच्या आठवड्यात बदलायचा, माल चढायला दोन दिवस उशीर झाला तर विमानाचे भाडे कारखान्याच्या माथी मारायचे आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी द्यायचे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा अनेक ब्रँडनी शिवून तयार असलेल्या मालाच्या ऑर्डरीही रद्द केल्या, किंवा मागाहून सूट मागितली. बांगलादेशात आणि इतरत्र लाखो कामगारांचे वेतन त्यामुळे अडकले. तयार माल घेऊन बाजार समितीत गेलेल्या शेतकऱ्याला ‘आज खरेदी बंद’ असे ऐकावे लागते, तसाच हा प्रकार होता; फरक इतकाच की येथे मालाची मागणी लेखी आलेली होती.

याचा अर्थ कारखानदार निर्दोष आहे असा नाही. मिळालेल्या दरातही हजेरी दडपणे, भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापून न भरणे, ठेकेदारामार्फत कामगार लावून हात झटकणे हे निर्णय त्याचेच असतात. पण त्याने सगळे कायदे पाळले तरी त्या दरात निर्वाह वेतन बसत नाही, आणि तो दर त्याने ठरवलेला नसतो.

निर्वाह वेतन दिले तर कपडे परवडेनासे होतील का?

२०१२ च्या सुमारास शिलाई कामगारांच्या परिस्थितीवर काम करणाऱ्या फेअर वेअर फाउंडेशन या संस्थेने केलेली एक मांडणी यासाठी नेहमी दिली जाते: दुकानात २९ युरोला विकल्या जाणाऱ्या टी-शर्टमध्ये शिवणाऱ्या कामगाराचा वाटा साधारण १८ सेंट, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. बाकीच्या रकमेत दुकानाचे भाडे व नफा, ब्रँडचा नफा, कापड, वाहतूक, मध्यस्थ आणि कारखान्याचा खर्च येतो.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा २,००० रुपयांच्या सदऱ्यात शिलाईची मजुरी ४० रुपये आहे आणि ती दीडपट करायची आहे. वाढ झाली २० रुपयांची. ती थेट कामगारापर्यंत पोहोचवली तर ग्राहकाला शेकडा एक रुपया जास्त पडेल. मात्र व्यवहारात प्रत्येक पायरीवरचा माणूस आपला नफा टक्केवारीने लावतो, आणि तेच २० रुपये कारखाना, आयातदार, घाऊक व्यापारी आणि दुकान अशा चढणीवर ८० रुपयेही होऊ शकतात. मग ब्रँडचा खरेदी विभाग म्हणतो की किंमत फार वाढते. म्हणून जाणकारांचा आग्रह असा की मजुरीची रक्कम दराच्या वाटाघाटीतून वेगळी काढावी, तिच्यावर घासाघीस करू नये आणि तिच्यावर टक्केवारीही लावू नये. औद्योगिक कामगारांचा जागतिक महासंघ इंडस्ट्रिऑल आणि काही ब्रँड यांनी मिळून सुरू केलेल्या ‘अ‍ॅक्ट’ या उपक्रमात मजुरी अशी स्वतंत्र मांडण्याचे कलम आहे. ते कागदावर चांगले आहे. सगळ्या ऑर्डरींना ते लागू झालेले नाही.

पगार वाढवले तर काम दुसऱ्या देशात जाईल. खानदेशाने गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत, तसेच होणार नाही का?

ही भीती पोकळ नाही. जळगावच्या खानदेश मिलच्या आवारात आज व्यापारी संकुल उभे आहे, आणि अमळनेर, धुळे, चाळीसगाव या गावांनी गिरणीचा भोंगा थांबल्यावर काय होते ते अनुभवले आहे. परंतु त्या गिरण्या कामगारांच्या पगारामुळेच बंद पडल्या असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचे आक्रमण, व्यवस्थापनाची अनास्था आणि जमिनीच्या वाढत्या किमती हेही त्या कहाणीत आहे.

काम हलवण्याची धमकी कशी चालते हे नवापूरच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिले की कळते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, आणि बाकड्याच्या या टोकाला एक किमान वेतन तर त्या टोकाला दुसरे. दोन्ही राज्यांना कारखाना आपल्याकडे हवा असतो, त्यामुळे दर वाढवताना दोघेही एकमेकांकडे पाहतात. भारत, बांगलादेश, कंबोडिया, व्हिएतनाम यांच्यात नेमके हेच मोठ्या पातळीवर घडते. आशियासाठी एक सामाईक तळ असावा ही मागणी त्यातून आली. सर्वांनी एकाच वेळी पायरी उचलली तर हलवण्यासारखी स्वस्त जागा उरत नाही.

बांगलादेशाचा अनुभव याबाबतीत पाहण्यासारखा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक शिलाई कामगार मरण पावले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, आणि तरीही लोकांना कामावर बोलावले गेले. महिन्याचा पगार कापला जाईल या भीतीने ते आत गेले. पगार आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत याचा इतका भयंकर पुरावा दुसरा नसेल. त्यानंतर तिथले महिन्याचे किमान वेतन ३,००० टक्यांवरून (टका हे तिथले चलन) ५,३०० वर, २०१८ साली ८,००० वर आणि २०२३ अखेरीस १२,५०० टक्यांवर गेले. प्रत्येक वेळी उद्योग बुडेल असे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी देश जगातल्या सर्वांत मोठ्या कपडे निर्यातदारांत कायम राहिला. मात्र २०२३ मध्ये कामगार संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. तेव्हा वेतन वाढले हे खरे, आणि ते निर्वाह वेतनाच्या जवळ पोहोचले नाही हेही तितकेच खरे.

कंपन्यांच्या अहवालांत निर्वाह वेतनाची वचने असतात. प्रमाणपत्रेही असतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?

वचन वाचताना नेमके काय मोजले जाणार आहे ते पाहावे. एच अँड एम या कंपनीने २०१३ साली जाहीर केले की २०१८ पर्यंत सुमारे साडेआठ लाख कामगारांपर्यंत न्याय्य निर्वाह वेतनाची व्यवस्था पोहोचवली जाईल. मुदत संपली तेव्हा कंपनीने किती कारखान्यांत वेतन व्यवस्थापनाची पद्धत बसवली आणि किती ठिकाणी कामगार प्रतिनिधी निवडले गेले, याची टक्केवारी सांगितली. क्लीन क्लोद्स कॅम्पेन या संघटनेचा आक्षेप साधा होता: कामगाराच्या हातात किती पडले ते सांगा.

प्रमाणपत्रांबाबत कराचीचे उदाहरण विसरू नये. ११ सप्टेंबर २०१२ रोजी अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार जळून वा गुदमरून मेले. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीविषयीचे मानांकन मिळालेले होते, आणि त्या मानांकनाच्या अटींत तर निर्वाह वेतनाचाही समावेश आहे. तपासणीस सांगून येतो, वह्या पाहतो, निवडलेल्या कामगारांशी कारखान्याच्या आवारातच बोलतो आणि त्याची फी बहुधा ज्याची तपासणी करायची तोच देतो. सेंद्रिय कापसाचा शिक्का असेल तर तो प्रामुख्याने शेतातल्या आणि प्रक्रियेतल्या रसायनांबद्दल सांगतो. शिवणाऱ्या बाईच्या पगाराचे अनुमान त्यावरून काढू नये.

भारतात कुठे हा लढा जिंकला गेला आहे का?

निर्वाह वेतनाचा नाही, पण त्याच्या अलीकडच्या पायरीचा एक विजय सांगता येईल. कर्नाटकात किमान वेतनावर महागाईनुसार मिळणाऱ्या भत्त्याची वाढ एप्रिल २०२० पासून महिन्याला ४१७ रुपये ६० पैसे होती. रक्कम लहान दिसते. वर्षाला ती पाच हजारांवर जाते. राज्यातल्या शिलाई कारखान्यांनी ती दिली नाही. उच्च न्यायालयाने देण्यास सांगितल्यानंतरही वर्षाहून अधिक काळ दिली नाही, आणि चार लाखांहून अधिक कामगारांचे पैसे थकले. कामगार संघटनांनी कागद गोळा केले, अमेरिकेतल्या वर्कर राइट्स कन्सोर्टियम या संस्थेने ते थेट ब्रँडपुढे ठेवले, आणि २०२२ साली कारखान्यांनी फरकासह पैसे देण्यास सुरुवात केली. न्यायालयाच्या आदेशाने जे झाले नाही ते खरेदीदाराच्या पत्राने झाले. व्यवस्थेची चावी कुणाच्या खिशात आहे ते यावरून उमगते, आणि आम्हाला त्याचा आनंद जितका आहे तितकीच अस्वस्थताही आहे.

परदेशातले कायदे आपल्या उपयोगाचे आहेत का?

काही प्रमाणात. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आणि युरोपीय संघाने २०२४ साली मोठ्या कंपन्यांवर आपल्या साखळीतले मानवी हक्कांचे धोके शोधून दूर करण्याची जबाबदारी टाकणारा निर्देश स्वीकारला. २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि तो सौम्य करण्याची खटपट सुरू झाली. त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

सुरतेत काम करणाऱ्या खानदेशी कामगारांना यातले काय लागू होते?

सुरतेचा पसारा मुख्यतः कृत्रिम धाग्याच्या कापडाचा, साड्यांचा आणि भरतकामाचा आहे, आणि त्यातला मोठा माल देशातच विकला जातो. त्यामुळे परदेशी ब्रँडवर दबाव आणण्याची वाट तिथे बहुतेकांना बंद आहे. उरतो तो गुजरातचा किमान वेतनाचा दर, कारखाना निरीक्षक आणि एकजूट. निर्यातीच्या साखळीतल्या अन्यायावर जगभर अहवाल निघतात. देशी बाजारासाठी बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या कामगारावर फारच थोडे लिहिले जाते. हा असमतोल या विषयावर लिहिणाऱ्या सर्वांचा आहे, आमचाही.

कापूस वेचणाऱ्या आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायका या चर्चेत कुठे आहेत?

जवळजवळ कुठेच नाहीत. ब्रँडच्या याद्यांत शिलाई कारखान्यांची नावे आता येऊ लागली आहेत. सूतगिरणीपर्यंत फार थोडे पोहोचतात आणि शेतापर्यंत क्वचितच कोणी. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, पहिल्या वेचणीला बोंडे भरलेली असल्याने दिवस बरा पडतो आणि शेवटच्या वेचणीला तेवढ्याच वेळात निम्माही कापूस निघत नाही. ज्या शेतकऱ्याला स्वतःला भाव मिळालेला नाही त्याने मजुराला निर्वाह वेतन द्यावे असे म्हणणे तोंडदेखले आहे. साखळीच्या वरच्या टोकाला दर दाबला की तो शिवणाऱ्या बाईपाशी थांबत नाही, सुताच्या आणि रुईच्या भावातून तो बांधापर्यंत येतो. म्हणून कपड्याची रास्त किंमत आणि कापसाचा रास्त भाव हे खानदेशासाठी एकाच मागणीचे दोन भाग आहेत, असे आम्ही मानतो.

मुली लग्नाआधी दोन-तीन वर्षे काम करतात. त्यांना कुटुंबाच्या हिशेबाने पगार कशाला?

कारण वेतन कामाचे असते, लग्नाचे नाही. अविवाहित मुलाचा पगार ठरवताना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ग्राहक म्हणून आम्ही काय करावे?

एखाद्या ब्रँडवर आपल्यापुरता बहिष्कार टाकला तर बहुधा ऑर्डर कमी होते आणि झळ कामगारालाच बसते. त्यापेक्षा ब्रँडला लेखी विचारावे की माल कोणत्या कारखान्यात शिवला आणि तिथे सर्वांत खालच्या श्रेणीला महिन्याला किती मिळतात. पुष्कळ लोकांनी विचारल्यामुळेच कारखान्यांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

मुलगी दूरच्या कारखान्यात निघाली आहे. आम्ही नेमके काय तपासावे?

सांगितलेला पगार हातात येणारा आहे की कपातीच्या आधीचा, हे आधी विचारा. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) पाऊण टक्का ही कपात कायदेशीर आहे आणि तिच्या हिताची आहे; वसतिगृह, जेवण आणि बस यांची कपात किती, हे मात्र लेखी घ्या, कारण शहादा-तळोद्याकडच्या ज्या पावत्या आमच्याकडे आल्या त्यांत सर्वांत मोठी तूट तिथेच दिसली. पगारात मूळ वेतन आणि महागाई किंवा विशेष भत्ता वेगवेगळे लिहिलेले असावेत. महाराष्ट्रात हा विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा जानेवारी आणि जुलैनंतरची पावती जुन्या पावतीशी ताडून पाहा.

वेतन संहिता, म्हणजे वेतनाविषयीचा केंद्राचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सोडल्यास किंवा काढून टाकल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळाला पाहिजे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरीही कागद आपल्याकडे असलेला बरा. मुलीला सांगून ठेवा की प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवायचा, आणि रोज मशीनवर बसल्याची व उठल्याची वेळ एका छोट्या वहीत लिहायची.